शालू आणि अंगठा

आमच्याकडं माणूस भिंतीवर जायचा तो मेल्यावरच. जिवंतपणी भिंत देवांची. पंढरीचा विठोबा, कमळातली लक्ष्मी, खताच्या दुकानातनं फुकट आलेलं कॅलेंडर, एवढीच तिच्यावर गर्दी. एखाद्या माणसाचा फोटो सोप्यात लागला की येणारा-जाणारा समजून घ्यायचा, हा गेला. धाकट्या पोराच्या लग्नानंतर नव्या सुनेनं त्या दोघांचा मोठा रंगीत फोटो सोप्यात टांगला, तेव्हा माझी चुलती काठी टेकत आली आणि म्हणाली, "आगं काढ ते खाली. जित्या माणसांला भिताडावर कशाला चढीवतीस?" सुनेला हसू आलं, पण चुलतीचा जीव खरंच वरखाली झाला होता.

मंगळवेढ्याच्या बाजूचं आमचं गाव. काळी भुई, मालदांडी ज्वारी आणि रुसका पाऊस. माझा जन्म 1959 चा. महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, तिच्या पहिल्या परीक्षेला 1975 साली बसलेल्यांपैकी मी एक. पास झालो आणि रानात गेलो ते आजपर्यंत तिथंच आहे. त्यामुळं मी जे लिहितो ते पुस्तकातल्या विचारवंतासारखं नाही. औत हाकताना, दारं धरताना जे डोक्यात घोळतं तेच उतरवतो. आणि गेली काही वर्षं एक गोष्ट घोळतेय. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची ती चांगली ठेवायची की खरी?

म्हटलं तर प्रश्न सोपा वाटतो. आमच्या घरातली लोखंडी पेटी उघडली की सोपा राहत नाही.

पेटीत फोटो सगळे मिळून सात. त्या काळी फोटो म्हणजे पंढरपूरच्या वारीत नाहीतर जत्रेत. रंगवलेला पडदा, त्यावर देऊळ नाहीतर विमान, आणि पुढं लाकडी खुर्ची. वारकरी उन्हानं तावलेला असायचा, तरी फोटोत विमानाजवळ उभा. बाकी पेटीत अण्णांची पानाची चंची, अडकित्ता, आज्याचा पटका, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणि कागद. खातेपुस्तिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे दाखले. आईचं म्हणून पेटीत काही नाही. तिचं जातं अजून परड्यात पडलंय, आणि तिनं शिवलेली वाकळ आम्ही पांघरून पांघरून संपवली. वाकळ जपून ठेवायची असते हे मला पुण्याच्या नातीकडून कळलं. तिथं म्हणे लोक ती काचेत घालून लावतात. आई असती तर म्हणाली असती, थंडी काचंला वाजतीया का?

आई 1986 साली गेली, सुगीच्या दिवसांत. त्या वेळी आमच्या भागात एक चाल होती. ज्याचा फोटो नाही असा माणूस मेला तर तालुक्याहून फोटोवाल्याला बोलवायचे. मढं खुर्चीवर टेकवून बसवायचे, हार घालायचे, मागनं कुणीतरी मान धरायचा आणि फोटो काढायचे. कितीतरी घरांत असले मिटल्या डोळ्यांचे फोटो अजून आहेत. कुणी हसण्याची ती गोष्ट नाही. तोंड विसरू नये एवढीच त्यामागं ओढ. पण आमचे अण्णा म्हणाले, "मेलेलीचा नगं." आणि दिवसकार्य झाल्यावर माझ्या लग्नातला, 1981 चा, ग्रुप फोटो घेऊन ते तालुक्याला गेले. मला बरोबर नेलं.

त्या ग्रुप फोटोत आई अगदी कडेला होती. अर्धी कुणाच्या तरी खांद्याआड, डोक्यावर पदर, नजर कॅमेऱ्याकडं नाही तर चुलवणाकडं. बोटाच्या पेराएवढं तोंड. फोटोवाल्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "निघंल. बॉडी कुठली लावू?"

मला आधी कळलंच नाही. त्यानं खण ओढला. आत नुसती धडं होती, मुंडक्याशिवाय. कोट घातलेलं धड, फेट्यासाठी मान मोकळी सोडलेलं धड, इरकली लुगड्यातलं, आणि एक भरजरी शालूतलं. ज्याला जे परवडंल, जे आवडंल ते. अण्णांनी शालूवर बोट ठेवलं. फोटोवाला म्हणाला, पैसे जास्त पडतील, जरीला सोनेरी रंग हातानं भरावा लागतो. अण्णा म्हणाले, भर. घरातलं एक पोतं ज्वारी त्यात गेली.

फोटो आला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं फिरलं. काळ्या चौकटीत कुणीतरी पाटलीणबाई बसलेली. गळ्यात ठुशी, हातात भरून पाटल्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. सवाष्ण गेलेली, म्हणून कुंकू मोठं काढा असं अण्णांनीच सांगितलं होतं. तोंड तेवढं आईचं. माझ्या आईकडं दोन लुगडी असायची, एक अंगावर आणि एक वलणीवर. मधे विरलं की तेवढं कापून चांगल्या बाजू एकमेकीला जोडायची, त्याला आमच्याकडं दंड घालणं म्हणतात. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा अंगावरच्या लुगड्याला तीन ठिकाणी दंड होते, मी मोजले होते. त्या साली मिलो खाऊन आणि सुकडीवर आम्ही जगलो, आणि गळ्यातले चार मणी होते ते तिनं बाजारात मोडले. त्या बाईला ठुशी?

मी अण्णांना म्हटलं, ही आई न्हवं.

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मला ठावं न्हाई का? जित्तेपणी न्हाई घेता आला तिला. फोटूत तरी नेसू दे की."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. पण प्रश्न तिथं संपला असंही नाही. आमच्या गावातले एक मास्तर, आता निवृत्त, त्यांच्याशी माझा यावर पुष्कळदा वाद झाला. त्यांचं म्हणणं, फोटो म्हणजे पुरावा. पुराव्यात फेरफार केला की तो गेला. त्यांनी मला शिवाजी महाराजांच्या चित्राची गोष्ट सांगितली. एके काळी महाराजांचं म्हणून जे चित्र लोक पूजत होते ते निघालं इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खटपट करून महाराजांचं खरं चित्र उजेडात आणलं. मास्तर म्हणायचे, बघ, भक्ती खरी असून भागत नाही, चित्रही खरं लागतं.

बरोबरच आहे. पण आमच्या मंगळवेढ्याचीच दुसरी गोष्ट आहे, ती मला त्याहून जवळची वाटते. चोखोबांची. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं असताना ते कोसळलं आणि त्याखाली राबणारी माणसं गाडली गेली, त्यात चोखोबा गेले. नामदेव महाराज त्यांच्या अस्थी न्यायला आले तेव्हा नुसता हाडांचा ढीग. कुणाचं कुठलं ओळखायचं कसं? तर नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं, आणि ज्यातनं विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून पंढरपूरला नेलं. महाद्वारापुढं त्यांची समाधी आहे. चोखोबांचा फोटो कुठला असणार? आज जी चित्रं दिसतात ती चित्रकारांच्या मनातली. पण ओळख पटली ती त्यांच्या स्वतःच्या हाडांतून, आयुष्यभर जे केलं त्यातून. ही गोष्ट ऐकताना मला नेहमी आणखी एक वाटतं, ते कीर्तनात कुणी सांगत नाही. बाकीच्या हाडांचं काय झालं? ती पण राबणारीच माणसं होती. त्यांना कानाला लावायला कुणी आलं नाही.

तर शालू. माझं मत हळूहळू असं होत गेलं की अण्णांनी केलं ते खोटं नव्हतं. खोटं म्हणजे समोरच्याला फसवायचं असतं. त्या फोटोनं कुणाला फसवलं? अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या भावकीला माहीत होतं की आईनं शालू कधी नेसला नाही. ते देणं राहिलं होतं आणि अण्णांनी ते अशा तऱ्हेनं दिलं. फोटोकडं बघताना आम्हाला शालूही दिसायचा आणि त्याच्या आतलं दंड घातलेलं लुगडंही. जोवर दोन्ही दिसतं तोवर काही बिघडलं नाही, असं मला वाटायचं.

मग माझा नातू मोबाईल घेऊन आला. त्यात असं काहीतरी आलंय म्हणे, जुना फोटो घातला की तो हलायला लागतो. त्यानं आईचा फोटो त्यात घातला. आईनं मान वळवली, डोळे मिचकावले आणि हसली. पांढरे स्वच्छ दात दाखवून हसली. घरातली सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. नातू म्हणाला, "आबा, पणजी बघा कशी!"

माझी आई अशी हसत नव्हती. तिचे पुढचे दोन दात लवकर पडले होते. हसू आलं की ती पदर तोंडावर धरायची आणि खांदे हलायचे, त्यावरनं कळायचं हसतीया म्हणून. यंत्राला हे कुठनं ठाऊक असणार? मी नातवावर रागावलो नाही, त्यानं माझ्याच हौसेखातर केलं होतं. पण त्या रात्री मला कळलं की अण्णांच्या शालूत आणि ह्या हसण्यात फरक कुठं आहे. अण्णा जाऊनही वीस वर्षं झाली. चुलती गेली. आईला नीट बघितलेला आता मी एकटा उरलोय. नातवाला फोटोत शालूच दिसतो, आतलं लुगडं दिसत नाही. माझ्यानंतर आमच्या घराण्यात एक जरीच्या शालूतली, ठुशी घातलेली, दात दाखवून हसणारी पणजी होती असंच ठरणार. खडी फोडणारी बाई कुठंच नसणार. म्हणून मी पोराला जवळ बसवून दंड म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं ऐकलं. किती लक्षात राहील ते राहील.

इथवर गोष्ट आपल्या माणसाला सजवण्याची झाली. पेटीत दुसरा एक जिन्नस आहे, तिथं सजवून भागत नाही.

माझा आजा 1977 साली गेला. जमीन अठरा एकर, वडिलोपार्जित. मुलं तीन. अण्णा, तात्या म्हणजे माझे चुलते, आणि धाकटी आत्ती. आत्ती जत तालुक्यात दिलेली. 1956 च्या कायद्याप्रमाणं हिशेब सरळ होता. आजा आणि दोन मुलगे असे तीन वाटे, सहा-सहा एकरांचे. आज्याच्या वाट्याचे सहा एकर तिन्ही मुलांत समान. म्हणजे आत्तीचे दोन एकर. वारसनोंदीत तलाठ्यानं तिचं नाव लावलं, आणि दोन वर्षांनी ते हक्कसोडपत्रानं निघालं. त्या दिवशी आत्ती जतहून एस.टी.नं आली. तालुक्याला कचेरीत गेली, अंगठा केला, घरी आल्यावर आईनं तिची ओटी भरली, एक लुगडं आणि चोळीचा खण दिला, आणि दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. आमच्या भागात हे असंच व्हायचं. दांडगाई करून घेतलं असं कुणी म्हणणार नाही. चोळी-बांगडीवर हक्क सोडायची रीतच होती, आणि जी बहीण सोडायची नाही तिच्याबद्दल पाणवठ्यावर काय बोलायचे तेही मी ऐकलेलं आहे.

पुढं आत्ती लवकर रंडकी झाली. एका पोरीला घेऊन तिनं दिवस काढले. नागपंचमीला, भाऊबीजेला यायची. सुगीत आली की त्या खालच्या तुकड्यात जायची आणि बांधावर उभी राहून मला विचारायची, "घेऊ का रं दोन मुठी हरभऱ्याची भाजी?" मी म्हणायचो, आत्ती, इचारतीस काय, घे की. ती तरीपण दर वेळी विचारायची.

तो कागद अण्णांनी आयुष्यभर पिवळ्या फडक्यात बांधून फोटोंबरोबर ठेवला. अडचणीचा कागद म्हणून नव्हे, महत्त्वाचा म्हणून. आणि आमच्या तिसऱ्या पिढीला तो नको झालाय. चुलतभावाचा मुलगा शिकलेला आहे, वाईट नाही, पण तो मला दोनदा म्हणाला, "काका, नोंद तर झालीया. कागद कशाला ठेवायचा? उगं कुणी बघितलं तर मन खट्टू व्हतं. जाळून टाका." त्याच्या घरात आत्तीचा फोटो आहे, दर पितृपक्षात तिचं पान वाढतात. तो म्हणतो, चांगली आठवण ठेवलीया की आपण तिची.

माझं आणि त्याचं इथं जमत नाही. आईला शालू नेसवला तेव्हा जे देता आलं नव्हतं ते आम्ही दिलं. कागद जाळला तर जे घेतलं ते लपवणार. वरनं दोन्ही सारखंच दिसतं, मेलेल्या माणसाची गोड आठवण. पण एकात आमच्या पदरचं काही जातं आणि दुसऱ्यात आमच्या पदरात पडलेलं राहतं. आता नीट बघितलं तर शालूतही थोडी चोरी आहे. तिला धड लुगडं का मिळालं नाही, हा सवाल तो झाकतोच. दुष्काळ होता हे खरं, पण अण्णांच्या डोक्याला पटका मात्र दर दोन वर्षांनी नवा यायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण पेटीत तो पटका अजून आहे आणि लुगडं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आतेबहीण आली. आत्ती जाऊन काही वर्षं झालेली. म्हणाली, "दादा, आईचा तरणेपणीचा एखांदा फोटू हाय का तुमच्याकडं? माझ्याकडं नुसता मतदानाच्या कार्डावरचा हाय, त्यात ती भ्यालेली दिसतीया." तो कार्डावरचा फोटो तिनं दाखवला. काळपट डाग आणि त्यात दोन डोळे.

पेटीत होता. आत्तीच्या लग्नाआधीच्या कार्तिकीचा. मागं पडद्यावर विमान, अण्णा उभे, खुर्चीवर परकर-पोलक्यातली आत्ती, दोन वेण्या, पाय खुर्चीवरनं खाली टेकत नाहीत. बहीण तो हातात घेऊन बसली. त्याच फडक्यात हक्कसोडपत्र होतं. पुतण्या शेजारीच होता, त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, "काका, त्यो कागद आत सारा." मी सारला नाही. म्हटलं, हे पण तुझ्या आईचंच हाय, बघ.

ती सातवी शिकलेली. सावकाश वाचत गेली. राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, असं त्यात लिहिलेलं असतं, सगळ्याच असल्या कागदांत असतं. तिथं थांबून ती म्हणाली, "राजीखुशीच हुती ती. म्हणायची, भाऊ हाय तर म्हायेर हाय." हे ती टोमण्यानं बोलली की मनापासून, ते मला ओळखता आलं नाही. पुतण्याचं तोंड उतरलं. मग ती खाली आली, 'निशाणी डावा अंगठा' जिथं आहे तिथं. निळी शाई इतक्या वर्षांत फिकटली होती, पण रेषा स्पष्ट होत्या. ती उजेडाकडं सरकली, कागद डोळ्याजवळ धरला.

"इळ्याची खूण," ती म्हणाली.

आम्हाला कळेना. तिनं दाखवलं. अंगठ्याच्या रेषांमधनं एक पांढरी तिरकी रेघ गेली होती. आत्तीचा डावा अंगठा तरणेपणी ज्वारी कापताना इळ्यानं चिरला होता, त्याचा वण शेवटपर्यंत होता. ती लहानपणी आईच्या कुशीत झोपताना त्या वणावरनं बोट फिरवायची. तिनं स्वतःचा अंगठा त्या ठशावर क्षणभर ठेवला आणि उचलला.

आत्तीचे म्हणून जेवढे फोटो मी बघितलेत त्यात कुठंही तो वण दिसत नाही. पडद्यावरच्या विमानाजवळ नाही, कार्डावर नाही, पुतण्याच्या भिंतीवर तर नाहीच. तो फक्त त्या कागदावर आहे.

कार्तिकीचा फोटो बहिणीला दिला, तो तिचाच. कागदाचा तिनं मोबाईलमधे फोटो काढून घेतला. नुसत्या अंगठ्याचा घेतला. बाकी मजकूर घेतला नाही.

आत्तीच्या दोन एकरांपैकी एक तात्यांकडं गेलं आणि एक वाटणीत माझ्याकडं आलं. त्यात आता डाळिंब आहे. त्याचं काय करायचं हे मी घरात जेवताना काढलं. थोरला म्हणाला, कायद्यानं आता काही लागत नाही. धाकटा म्हणाला, तिला पैशात काहीतरी देऊ. मी म्हटलं, तिनं काही मागितलेलं नाही, आपणच ठरवायचंय. भाकरी वाढता वाढता धाकटी सून म्हणाली, "मामा, 1994 ला कायदा झाला, पोरींला पोरांसारखाच वाटा. पुन्हा 2005 ला दिल्लीचा झाला. आणि मी माझ्या भावांना लिहून दिलं ते लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. तुम्ही सगळे आला हुतासा की साक्षीला."

कुणी काही बोललं नाही. त्या आठवड्यात डाळिंबावर फवारणी होती, मग माणसं मिळेनात, विषय तिथंच राहिलाय. कागद घडीवर फाटत आला होता, म्हणून मी तो पेटीतनं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय. त्या कपाटाची किल्ली सुनेकडं असते.